वेंगुर्ल्याचा सागरकिनारा : चंदगड तालुक्यातील शाळांसाठी एक सहलपाठ

(इयत्ता चौथी ते सातवी : परिसर अभ्यास, भूगोल, सामान्य विज्ञान, गणित व इतिहास)

प्रयोजन

बेळगावाहून वेंगुर्ल्यास जाणारा रस्ता चंदगड तालुक्याच्या मुलखातून जातो. ह्या रस्त्याच्या कडेच्या गावांतील मुले अक्षरओळख होताच किलोमीटरच्या दगडावरील 'वेंगुर्ले' हे नाव वाचू लागतात. परंतु ज्या गावाचे नाव रोज डोळ्यांपुढे असते ते गाव आणि त्याच्या पायाशी असलेला समुद्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो. हे अंतर शंभर किलोमीटरांच्या आतबाहेरचे आहे. तरीही अनेक मुलांच्या वाट्यास प्राथमिक शाळेच्या सर्व वर्षांत समुद्रदर्शनाचा एकच दिवस येतो, आणि तो शाळेच्या सहलीचा असतो.

हा एक दिवस कसा खर्च होतो, हे शिक्षकाच्या हाती आहे. गाडीत गाणी, वाटेत दोन देवळे, किनाऱ्यावर तासभर धावपळ, एक सामूहिक छायाचित्र आणि परतीचा प्रवास, अशी सहल झाली तर मुलांना आनंद होतो खरा; पण आठवड्याने "समुद्र कसा होता?" असे विचारले असता "मोठा होता, गुरुजी" ह्यापलीकडे उत्तर मिळत नाही. उलट, जाण्यापूर्वी मुलांच्या मनात चार प्रश्न पेरलेले असतील, तर तोच किनारा त्यांच्याशी बोलू लागतो. त्यासाठी आनंदात काही उणे करावे लागत नाही. म्हणून प्रस्तुत पाठात वेंगुर्ल्यास काय पाहावे आणि काय करावे, ह्याबरोबरच ते मुलांच्या स्वतःच्या गावाशी कसे जोडावे, ह्याचे विवेचन केले आहे.

पूर्वतयारी : पाठाचा आरंभ गावच्या ओढ्यापासून

सहलीपूर्वी आठवडाभर आधी मुलांना गावच्या ओढ्यावर न्यावे आणि एकच प्रश्न विचारावा : "हे पाणी कोठे जाते?" मुले नदीचे नाव सांगतील. "आणि नदी?" येथे बहुतेक मुले पश्चिमेकडे बोट दाखवितील, कारण समुद्र त्या दिशेस आहे हे त्यांनी ऐकलेले असते. हे उत्तर बहुतेक गावांच्या बाबतीत चुकीचे आहे, आणि ही चूकच पाठाचा पाया ठरते.

घटप्रभा, ताम्रपर्णी व हिरण्यकेशी ह्या नद्या सह्याद्रीच्या ह्याच माथ्यावर उगम पावतात. अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघतात. ताम्रपर्णी व हिरण्यकेशी घटप्रभेस मिळतात. घटप्रभा बागलकोट जिल्ह्यात कृष्णेस मिळते. आणि कृष्णा सारा दक्षिण मुलूख ओलांडून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. ह्याच तालुक्यातील तिलारी मात्र कडा उतरून दोडामार्गाकडे कोकणात जाते, पुढे गोव्यात शापोरा हे नाव घेते आणि अरबी समुद्रास मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब अशा रीतीने दोन निरनिराळ्या समुद्रांस जातात. त्यांना वेगळे करणारी जी उंचवट्याची रेषा, तिला जलविभाजक म्हणतात. घराच्या कौलारू छपराचा आढा दाखवून ही कल्पना पहिलीच्या मुलासही समजाविता येते.

ह्यानंतर दुसरा प्रश्न काढावा : "हा पाऊस आला कोठून?" पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीची भिंत आडवी येताच ते वर चढतात, थंड होतात आणि बाष्पाचे पाणी होते. आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो तो ह्याच कारणाने. म्हणजे गावच्या ओढ्यातील पाणी हे मूळचे समुद्राचेच पाणी आहे. येथे एखादे चौकस मूल हमखास विचारते, "समुद्राचे पाणी खारट, मग पाऊस गोडा कसा?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देऊ नये. "समुद्राचे पाणी घेऊन येऊ आणि करून पाहू," एवढेच सांगावे.

मुलांनी बरोबर घ्यावयाचे साहित्य थोडे असावे : वही, पेन्सिल, दोरीचा मोजलेला पाच मीटर लांबीचा तुकडा, प्रत्येक गटास झाकणाची एक लिटरची स्वच्छ बाटली, पिण्याचे पाणी, टोपी आणि कचरा परत आणण्यासाठी एक कापडी पिशवी.

दिवस कसा निवडावा : तिथी आणि भरती

सहलीचा दिवस केवळ सुट्टी पाहून ठरवू नये, पंचांगही पाहावे. भरती आणि ओहोटी ही मुख्यत्वे चंद्राच्या व काही अंशी सूर्याच्या आकर्षणाने होतात. ह्या किनाऱ्यावर चोवीस तासांत साधारणपणे दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते, आणि आजची भरती उद्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य ह्यांची ओढ एका रेषेत आल्याने पाणी फार चढते व फार उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही चढउतार कमी असते, तिला भांग म्हणतात.

कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ एका सोप्या हिशेबाने काढीत : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीस आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमेस पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुक्ल व कृष्ण ह्या दोन्ही पक्षांस हा हिशेब लागू पडतो. तो ढोबळ आहे. स्थळ व ऋतूप्रमाणे त्यात फरक पडतो, म्हणून सहलीसाठी छापील भरती-वेळापत्रकाशी तो ताडून घ्यावा. परंतु पाऊणकीचा पाढा कशासाठी पाठ करावयाचा, हे मुलांना ह्या एका उदाहरणाने जितके पटते तितके वर्गातील पन्नास उदाहरणांनी पटत नाही.

किनाऱ्यावरील जीवसृष्टी पाहावयाची तर सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान ओहोटी हवी. ह्या हिशेबाने कोणत्याही पक्षातील चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सोयीचे ठरतात. डिसेंबर व जानेवारी हे महिने उत्तम. कोणत्या तिथीस जावे, हे शिक्षकाने सांगण्यापेक्षा सातवीच्या मुलांकडून काढून घ्यावे.

वाटेवरचा पाठ

पहाटे साडेपाचच्या सुमारास निघाल्यास साडेनऊपर्यंत वेंगुर्ल्यास पोहोचता येते. जाताना आंबोलीस थांबू नये. वेळ किनाऱ्यासाठी राखावा. मात्र घाट उतरताना मुलांना खिडकीतून पाहावयास सांगावे. सुमारे सातशे मीटर उंचीवरून रस्ता थोड्याच किलोमीटरांत खाली येतो. हवा दमट होते, कानांत दडे बसतात, नारळ व सुपारीच्या बागा दिसू लागतात. जांभ्या दगडाची तांबडी माती तेवढी ओळखीची राहते.

बोलीकडेही कान द्यावा. चंदगडच्या मुलांच्या तोंडी असलेले कित्येक शब्द व हेल मालवणी बोलीशी जवळचे आहेत, हे मुलांच्याच लक्षात येते. जिल्ह्यांच्या सीमा बदलतात, पण माणसांची ये-जा त्यांहून जुनी असते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. सावंतवाडी हे १९४८ पर्यंत संस्थान होते, पुढे तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. सावंतवाडीचा मोती तलाव गाडीतून दिसतो. तेथील लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. दोन दिवसांची सहल असेल तर ती घडविणाऱ्या कारागिरांचे काम पाहण्यास तासभर द्यावा.

किनाऱ्यावर : पाहणे आणि करणे

वेंगुर्ल्याजवळ उभादांडा येथे सागरेश्वराचे देऊळ व त्यापुढे विस्तीर्ण वाळूचा किनारा आहे. येथे पोहोचताच मुलांना पंधरा मिनिटे मोकळे सोडावे, अर्थात कोरड्या वाळूतच. समुद्र प्रथमच पाहणाऱ्या मुलापुढे लगेच वही धरणे हे अध्यापन नव्हे. मनसोक्त पाहून झाल्यावर गट पाडावेत व पुढील कामे द्यावीत.

*पहिले काम, भरतीची खूण :* पाणी जेथवर येते तेथे काठी रोवावी. अर्ध्या तासाने पाणी किती मागे वा पुढे सरकले ते दोरीने मोजावे. कोरड्या वाळूत शिंपले, काटक्या व फेसाची जी वाकडी रेषा दिसते, ती आदल्या भरतीची सीमा होय. तेथून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे.

*दुसरे काम, वाळूवरील रहिवासी :* ओल्या वाळूत लहान बिळे व त्यांभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. लहान खेकडे वाळूतील अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूच्या ह्या गोळ्या करून टाकतात. शेतातील खेकडा व हा खेकडा ह्यांत काय साम्य आणि काय भेद, हे मुलांनी सांगावे. खडकांवर कालवे चिकटलेली असतात. ओहोटीच्या वेळी ती मिटून घेतात, म्हणजे आतील ओलावा टिकतो. रिकामे शिंपले गोळा करण्यास हरकत नाही. जिवंत प्राणी जेथल्या तेथे ठेवावा.

*तिसरे काम, रापण :* सकाळी रापण ओढली जात असेल तर बाकीचे सर्व बाजूस ठेवून ती पाहावी. होडीतून मोठे जाळे अर्धवर्तुळाकार पाण्यात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसांचे दोन तांडे मिळून ओढतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. गावकीच्या औतासारखे ते सहकाराने चालते, आणि मिळालेल्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे होतात. रापणीच्या लोकांची अनुमती असेल तर मुलांनी कोरड्या वाळूवर उभे राहून दोरास हात लावावा. त्या ओढीचा भार हाताला कळला की 'श्रम' ह्या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. बांगडा, तारली, पेडवे ही मासळी नावानिशी ओळखावी. पावसाळ्याच्या आरंभी, जून-जुलैत, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी का असते, हे मच्छीमारांनाच विचारावे. त्या काळात पुष्कळ जातींच्या मासळीचा प्रजननाचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो.

*चौथे काम, पाणी भरणे :* प्रत्येक गटाची बाटली शिक्षकाने स्वतः समुद्राच्या पाण्याने भरून द्यावी. हीच सहलीची खरी शिदोरी होय.

पाण्यापासूनची शिस्त

ह्या भागातील एकही ओळ वरवर वाचू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. ती सर्व जाणती, धडधाकट तरुण मंडळी होती. प्राथमिक शाळेतील मुलांच्या बाबतीत किती सावधगिरी हवी, हे ह्यावरून उघड आहे.

ओढ्यात वा तळ्यात पोहणाऱ्या मुलास आपणास पोहता येते असा विश्वास असतो, आणि तोच घातक ठरतो. ओढ्याचे पाणी एका दिशेने वाहते. समुद्राचे पाणी येते आणि परत जाते. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी परतताना वाळूतील एखाद्या खोलगट वाटेने एकवटून वेगाने आत ओढले जाते. अशा ठिकाणी लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत भासते, आणि म्हणून नवखा मनुष्य नेमका तेथेच उतरतो. ओहोटीच्या वेळी ही ओढ अधिक असते.

ह्यासाठी पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. मुलांनी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये. स्नान सर्वथा वर्ज्य. पाणी व मुले ह्यांच्या मध्ये शिक्षकांची रांग उभी असावी आणि त्यांची तोंडे मुलांकडे असावीत. प्रत्येक मुलास एक जोडीदार नेमून द्यावा. शिटी वाजताच जोड्यांनी उभे राहावे व मोजणी व्हावी. ही मोजणी दर पंधरा मिनिटांनी करावी. किनाऱ्यावर पोहोचताच तेथील जीवरक्षक वा मच्छीमार ह्यांस भेटून धोक्याची जागा विचारून घ्यावी. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी अनभ्यस्त माणसाने पाण्यात उडी घेऊ नये. दोर, बांबू किंवा तरंगणारी वस्तू फेकावी व आरडाओरडा करून मदत मिळवावी. पालकांचे लेखी संमतिपत्र व वरिष्ठांची पूर्वपरवानगी ह्यांवाचून सहल काढू नये. ह्या गोष्टी कागदोपत्री असल्या तरी त्यांनी शिक्षकांच्या रांगेची जागा भरून निघत नाही.

बंदर, वखार व दीपगृह

वेंगुर्ल्याचे बंदर आज शांत वाटते; पण एकेकाळी हे घाटमाथ्याचे मोठे दार होते. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेची समुद्रावरून कोंडी करणाऱ्या डच आरमारास हे ठाणे उपयोगी पडे. त्या वखारीचे अवशेष गावात उभे आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. पुढे मुंबईहून येणाऱ्या आगबोटी येथे लागत आणि माल गाड्यांनी घाट चढून बेळगावाकडे जाई. तो चंदगडच्याच मुलखातून जाई, हे मुलांना आवर्जून सांगावे. १८८० नंतरच्या दशकात बेळगाव व मुरगाव रेल्वेने जोडली गेली, आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरू लागला. वाहतुकीची वाट बदलली की गावाचे दैव बदलते, ह्याचे ह्याहून जवळचे उदाहरण मुलांना क्वचितच मिळेल. 'आपल्या गावाजवळून गेलेल्या नव्या रस्त्याने काय बदलले?' हा प्रश्न येथेच विचारावा.

बंदरानजीकच्या टेकडीवर दीपगृह आहे. टेकडीवरून किनाऱ्याची वळणे नकाशासारखी दिसतात. तेथे मुलांना वहीत किनाऱ्याचे रेखाटन करावयास लावावे. हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका दिसतो. त्यांतील गुहांमध्ये पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. ह्या घरट्यांस परदेशी मोठी किंमत येते, म्हणून त्यांची चोरी होई.

काजूचा धागा

चंदगड तालुक्यात काजूच्या बागा आहेत, काजू फोडण्याचे कारखाने आहेत, आणि कित्येक मुलांच्या माता त्या कामावर जातात. अशा मुलांसाठी वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र हे सहलीतील सर्वांत जवळचे स्थळ ठरावे. १९५७ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. 'वेंगुर्ला-४' व 'वेंगुर्ला-७' ह्या काजूच्या जाती येथेच निर्माण झाल्या. पैकी पहिली १९८१ मध्ये व दुसरी १९९७ मध्ये प्रसृत करण्यात आली. आंब्याची 'रत्ना' ही जात नीलम व हापूस ह्यांच्या संकरातून येथेच तयार झाली. अगोदर पत्र पाठवून वेळ ठरविल्यास कलम कसे बांधतात हे मुलांना पाहता येईल.

काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ह्या किनाऱ्यावर आणले, आणि त्याचे तिकडचे नावही सोबत आले. म्हणजे चंदगडच्या माळावरील झाड समुद्र ओलांडून आले, आणि त्याच्या सुधारलेल्या जाती वेंगुर्ल्याहून घाट चढून आल्या. ज्या मुलास समुद्राचा आपल्याशी काय संबंध हे उमगत नाही, त्याने घरी जाऊन परड्यातील काजूचे झाड पाहावे.

दुसरा दिवस मिळाल्यास

मुक्काम शक्य असेल तर पुढीलपैकी एकदोन स्थळेच निवडावीत; सर्व पाहण्याचा हव्यास धरू नये.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत कांदळवन आहे. चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, खाऱ्या पाण्यात तग धरणारी पाने आणि मासळीच्या पिलांना मिळणारा आसरा, हे सर्व तेथे दिसते. येथील महिलांच्या एका बचतगटाने २०१७ मध्ये होडीतून कांदळवन दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. तोडण्यापेक्षा राखण्यात गावाचे हित आहे, हे त्या स्त्रियांनी कामाने दाखविले. होडीत बसताना प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे.

वायंगणीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. ग्रामस्थ घरटी राखतात आणि पिले समुद्रात सोडतात. वेंगुर्ले नगरपरिषद १८७६ पासूनची आहे. तिने कचरा प्रकाराप्रकाराने वेगळा करून जुन्या कचराभूमीचे पाहण्याजोग्या स्थळात रूपांतर केले. किनाऱ्यावरून परत आणलेली कापडी पिशवी ह्या ठिकाणी आपोआप बोलू लागते.

शिरोडे येथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. गांधीजींनी ६ एप्रिल रोजी दांडी येथे जो कायदा मोडला, तोच येथे कोकणच्या लोकांनी मोडला. शिक्षकांना शिरोडे आणखी एका कारणाने पूज्य वाटावे : १९२० ते १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर येथील शाळेत शिक्षक होते. पुढे 'ययाति' ह्या कादंबरीसाठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणाऱ्या ह्या लेखकाने आयुष्यातील उमेदीची वर्षे एका लहान गावच्या शाळेस दिली. मंगेश पाडगावकर व 'आरती प्रभु' ह्या नावाने लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर हेही वेंगुर्ल्याच्याच परिसरातले.

परतीची वेळ अशी धरावी की घाट उजेडी चढून व्हावा. त्यासाठी हिवाळ्यात साडेतीनच्या सुमारास वेंगुर्ले सोडणे इष्ट.

परत आल्यावर : बाटलीतील समुद्र

सहलीचा निम्मा पाठ शाळेत व्हावयाचा असतो. एका गटाने आपल्या बाटलीतील एक लिटर पाणी फडक्यातून गाळून पसरट थाळ्यांत ओतावे व उन्हात ठेवावे. वरून जाळीचे कापड बांधावे. काही दिवसांत पाणी उडून जाते व तळाशी पांढरा थर उरतो. तो खरवडून तराजूत घालावा. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; आपले उत्तर त्याच्या किती जवळ आले ते पाहावे व फरकाचे कारण शोधावे. दुसऱ्या थाळीत तितकेच ओढ्याचे पाणी ठेवून तुलना करावी. हे मीठ शुद्ध नसते, म्हणून ते खाण्यास देऊ नये.

दुसऱ्या गटाने खोलगट भांड्यात समुद्राचे पाणी घ्यावे, मधोमध रिकामी स्वच्छ वाटी ठेवावी, भांड्याचे तोंड पारदर्शक कागदाने बांधावे आणि कागदावर वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवावा. उन्हाने पाण्याची वाफ होते, कागदाला थेंब धरतात आणि घरंगळून वाटीत पडतात. त्यांतील एक थेंब ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याच्या जिभेवर द्यावा. पाऊस गोडा का, हे त्यास कोणी सांगावे लागणार नाही.

सहलीचा खर्च न झेपल्याने वा अन्य कारणाने जी मुले मागे राहिली असतील, त्यांच्याविषयी एक सूचना. शक्यतो एकही मूल पैशाअभावी मागे राहू नये; गावातून, शाळा व्यवस्थापन समितीकडून अथवा शिक्षकांच्या वर्गणीतून त्याची सोय पाहावी. तरीही कोणी राहिलेच, तर वरील दोन्ही प्रयोग त्या मुलांच्या हातून करवावेत आणि जाऊन आलेल्यांनी त्यांस सर्व समजावून द्यावे. ऐकणाऱ्याच्या शंकांना उत्तर देताना जाऊन आलेल्याचे पाहणे पक्के होते, आणि न गेलेल्यासही समुद्राचा वाटा मिळतो.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. तुमच्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणत्या समुद्रास जाते? वाटेत लागणाऱ्या नद्यांची नावे क्रमाने लिहा.

२. आज षष्ठी आहे. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढा. त्यानंतरची ओहोटी केव्हा असेल?

३. काठीच्या खुणेपासून पाणी अर्ध्या तासात किती सरकले? तुमच्या गटाचे व शेजारच्या गटाचे उत्तर वेगळे आले असल्यास त्याचे कारण सांगा.

४. रापण एकट्या माणसास का ओढता येत नाही? तुमच्या गावात अशी कोणती कामे मिळून केली जातात?

५. रेल्वे आल्यावर वेंगुर्ल्याच्या बंदराचे महत्त्व का कमी झाले?

६. काजूने चंदगडपर्यंत केलेला प्रवास नकाशावर दाखवा.

७. शांत दिसणारे समुद्राचे पाणी धोक्याचे का असू शकते? आपल्या धाकट्या भावंडास समजेल अशा भाषेत लिहा.

८. समुद्राचे पाणी खारट असून पाऊस गोडा का? प्रयोगाची आकृती काढा.

उत्तरे वहीत लिहून घेण्यापूर्वी ती मुलांकडून तोंडी घ्यावीत, आणि सातव्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाकडून स्वतंत्रपणे ऐकावे. गटांच्या नोंदी, रेखाटने व मिठाची पुडी शाळेच्या संग्रहात वर्ष व तिथीसह जपून ठेवावी. पुढील वर्षी जाणाऱ्या वर्गास पूर्वतयारीच्या वेळी ती दाखविता येईल.